पाणी न पाजलेलं कापड

सगळी माणसं रागावतात आणि बहुतेक विसरतात. पडदेमास्तर रागवायचे आणि तो राग नीट घडी घालून वरच्या फळीवर ठेवायचे, हाताला येईल असा. बटणवाल्यानं एकदा त्यांना ताटकळत ठेवून मागून आलेल्या गिऱ्हाइकाला आधी माल दिला. तेव्हापासून त्या दुकानाची पायरी मास्तर चढले नाहीत. बटणवाला वारला, त्याचा मुलगा गल्ल्यावर बसला, तरी नाही. ‘बापाचा राग पोरावर कशाला?’ असं कुणी विचारलं तर म्हणायचे, ‘दुकान तेच आहे ना?’ त्यांची बायको म्हणायची, ‘यांचा राग म्हणजे मुदत ठेव. मुदत संपली की व्याजासकट पुन्हा ठेवतात.’

अशा माणसाचं टेबल त्याच्या सख्ख्या भावानं करवतीनं मधोमध कापलं.

ते टेबल साधं नव्हतं. जुन्या बाजारात एक दगडी इमारत होती, कापसाच्या व्यापाऱ्यांनी सौद्यांसाठी बांधलेली. भिंती इतक्या जाड की खिडकीच्या कट्ट्यावर माणूस आडवा व्हावा, आणि खिडक्या इतक्या उंच की वरची काच पुसायला शिडी लागावी. व्यापारी कधीच गेले. त्यांच्या जागी घड्याळं दुरुस्त करणारे आले, छापखाना आला, एक-दोन वकील आले, आणि दुसऱ्या मजल्यावर मास्तरांचे वडील आले, पडदे शिवायला. पडद्याचं कापड सलग पसरावं लागतं, तुकड्यातुकड्यानं मापलं की चूक झालीच. वडिलांनी फळ्या दोरानं खिडकीतून वर ओढून घेतल्या आणि सुताराला खोलीतच टेबल बांधायला लावलं, या भिंतीपासून जवळजवळ त्या भिंतीपर्यंत.

‘हे बाहेर कसं काढणार?’ सुतारानं विचारलं.

‘काढायचंय कुणाला?’ वडील म्हणाले.

वडिलांच्या माघारी टेबलाच्या वरच्या टोकाला मास्तर उभे राहिले. माप सांगायचं, चुण्या घालायच्या, कड्या लावायच्या, म्हणजे पडद्याचं वरचं अंग त्यांचं. खालच्या टोकाला त्यांची बायको. कापड फाडायचं, खालची दुमड घालायची, तिची तुरपाई करायची, हे तिचं. तीस वर्षांत मास्तरांनी कधी पडद्याची खालची कड उलटून पाहिली नाही आणि तिनं कधी वरच्या चुण्यांना नाव ठेवलं नाही. दोघांचा संसार सुरळीत चालला त्याचं कारण हेच, असं ती म्हणायची. धाकटा भाऊ गिऱ्हाइकं आणायचा आणि शिडीवर चढून पडदे लावायचा. त्याला टेबलाशी उभं राहायचा कंटाळा. तो लहान असताना वडील त्याला कापडाचं लोंबतं टोक धरून उभा करायचे, आणि हात दुखले म्हणून तो रडायचा.

वडिलांचा एक नियम होता, कापडाला पाणी पाजल्याशिवाय हात लावायचा नाही. कोऱ्या सुती कापडात खळ असते. ते तसंच शिवलं तर पहिल्या धुण्यात वीतभर आटतं, आणि जमिनीला टेकलेला पडदा आखूड झालेल्या विजारीसारखा वर जातो. म्हणून आधी भिजवायचं, वाळवायचं, मगच मापायचं. मास्तर गिऱ्हाईक गमावतील, पण हा नियम मोडणार नाहीत, अशी त्यांची ख्याती.

मग कंपनी आली. जुन्या इमारती पाडायच्या नाहीत, पोटातून नव्या करायच्या, असं तिचं काम. बाहेरच्या दगडाला धक्का नाही. आत खाली दुकानं, मधल्या मजल्यांवर कचेऱ्या, वर राहती घरं, गच्चीवर बाग, छपरावर उन्हाची वीज, आणि वापरलेलं पाणी गाळून पुन्हा झाडांना. भाडेकरूंनी संमती द्यायची आणि तयार इमारतीत जागा घ्यायची. घड्याळवाल्यानं सही केली, वकिलांनी केली. मास्तर म्हणाले, ‘टेबल जाईल तिथे मी जाईन. टेबल हलत नाही, म्हणून मीही हलत नाही.’

त्याच सुमाराला त्यांची लेक बाळंत झाली आणि नवराबायको तिच्या गावी गेले. परत आले तेव्हा खोली रिकामी होती. शिलाईयंत्रं खाली हातगाडीवर बांधलेली. टेबलाचे दोन भाग झालेले, आणि फरशीवर भुशाची एक सरळ रेघ.

‘दारातून जात नव्हतं,’ धाकटा म्हणाला.

‘सही कुणी केली?’

‘दोघांच्या वतीनं मी केली. दादा, तू असतास तर नुसता विचार करत बसला असतास आणि आपण रस्त्यावर आलो असतो. आता खाली दुकान मिळेल. अर्धं तुझं.’

‘अर्धं,’ मास्तर म्हणाले. त्यांनी करवतीच्या कापावरून हात फिरवला, लाकडाची एक कूस बोटात गेली ती तशीच राहू दिली, आणि हातगाडी ढकलत निघून गेले. त्या दिवसापासून भावाशी बोलणं बंद.

पुढची काही वर्षं त्यांनी एका गॅरेजच्या मागच्या खोलीत काढली. तिथे टेबल मावत नव्हतं. मास्तर फरशीवर गुडघे टेकून कापड मापायचे आणि उठताना भिंत धरायचे. गुडघ्यातून कळ आली की भावाच्या नावानं एक शिवी हासडायचे. बायको म्हणायची, ‘मलम लावा, त्यानं जास्त गुण येईल.’

इमारत तयार झाली. चांगली झाली, हे मास्तरांनाही नाकारता आलं नाही, आणि त्याचाच त्यांना जास्त त्रास झाला. दगड धुऊन निघाला होता, गच्चीवरून वेली लोंबत होत्या. तळमजल्यावर धाकट्यानं कॉफी आणि पावाचं दुकान टाकलं होतं. आणि दुकानाचा कट्टा म्हणजे टेबलाचं खालचं अर्धं, घासून, तेल पाजून चकचकीत केलेलं. त्यावर छोटी पाटी, ‘याच वास्तूतील जुने लाकूड पुन्हा वापरात’. वरचं अर्धं गच्चीवर गेलं होतं, बागेत, कुंड्या ठेवायला. मास्तर ज्या जागी आयुष्यभर उभे राहिले, त्या जागी आता नेचे वाढत होते आणि लाकडावर शेवाळ धरलं होतं.

‘लाकूड पुन्हा वापरात,’ मास्तर बायकोला म्हणाले. ‘वापरातून काढलं कुणी ते नाही लिहिलं.’

एके दिवशी इमारतीचं काम पाहणाऱ्या आर्किटेक्टबाई गॅरेजच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. ‘मास्तर तुम्हीच ना? आमच्या इमारतीत थंड हवेची यंत्रं कमीत कमी ठेवायचीत. जुन्या खिडक्यांना हात लावता येत नाही. दुपारचं ऊन अडवायला जाड सुती पडदे हवेत, रंग न दिलेले. सगळे तुमचंच नाव सांगतात.’

मास्तर ‘नाही’ म्हणायला तोंड उघडत होते.

‘सर्वांत मोठ्या खिडक्या खालच्या कॉफीच्या दुकानाच्या आहेत,’ बाई म्हणाल्या. ‘तिथून सुरुवात करूया?’

मास्तरांनी तोंड मिटलं. मग म्हणाले, ‘करूया.’

बाई गेल्यावर बायकोनं त्यांच्याकडे पाहिलं. ‘भावाच्या दुकानाला पडदे? तुम्ही?’

‘कामाशी काम.’

‘तुमचं कामाशी काम मला ठाऊक आहे. चेहऱ्यावर हसू आलंय. शेवटचं कधी आलं होतं?’

मास्तरांच्या डोक्यात काय शिजत होतं ते सरळ होतं. कचेऱ्यांचं सगळं कापड त्यांनी रीतीप्रमाणे भिजवलं, गॅरेजच्या छपरावर वाळवलं. धाकट्याच्या दुकानाचं कापड मात्र कोरंच ठेवलं. आज पडदे जमिनीला बरोबर टेकतील. पहिल्या धुण्याला वीतभर वर जातील. मग येणारंजाणारं गिऱ्हाईक त्या आखूड पडद्यांकडे बघून हसेल, खालून ऊन आत येईल, आणि धाकटा त्या टेबलामागे उभा राहून ते रोज बघेल. टेबल कापणाऱ्याला मापातच गाठायचं. बोभाटा नाही, भांडण नाही. मास्तर मापं सांगत होते, बायको कापडाला कात्रीची चीर देऊन सरळ फाडत होती. फाडल्याचा आवाज मास्तरांना इतका गोड कधीच लागला नव्हता.

पडदे लावायला ते स्वतः गेले. दुकानात पाऊल ठेवलं आणि पहिली नजर कट्ट्यावर गेली. वडिलांनी मापासाठी ठोकलेल्या पितळी चुका तशाच होत्या. त्यांच्यावर कुणीतरी कप ठेवला होता.

‘दादा, कॉफी घे,’ धाकटा म्हणाला. मधल्या वर्षांत त्याचे केस पिकले होते.

‘शिडी कुठे आहे?’ मास्तरांनी दुकानातल्या नोकराला विचारलं.

पडदे लागले. आर्किटेक्टबाई मागे सरून पाहत राहिल्या. ‘काय सुंदर पडतायत, मास्तर. खाली वजन घातल्यासारखे.’ मास्तर मनातल्या मनात म्हणाले, बघून घ्या, फार दिवस नाही दिसणार. धाकट्यानं एका पडद्याचं टोक हातात घेतलं, चोळलं आणि सोडून दिलं.

मग मास्तर वाट बघू लागले. रोज सकाळी दुकानासमोरून चक्कर. पडदे जमिनीला टेकलेलेच. महिने गेले. गिऱ्हाइकांची गर्दी वाढली, वरच्या घरांतले लोक ‘खालच्यासारखेच पडदे’ म्हणून मास्तरांकडे येऊ लागले, आणि मास्तरांना आपल्याच कामाचं कौतुक ऐकून घ्यावं लागलं. शेवटी त्यांनी इमारतीच्या सफाईवाल्या बाईंना गाठलं आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, ‘ते पडदे धुता कधी?’

‘धुवायचे नाहीत,’ बाई म्हणाल्या. ‘साबणाचं पाणी टाकीत गेलं की वरची झाडं मरतात. पडदे गच्चीवर नेतो, उन्हात टाकतो, काठीनं झोडतो, पुन्हा लावतो.’

मास्तर घरी येऊन खाटेवर बसले. बायकोनं सगळं ऐकून घेतलं आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली. ‘तुमचा सूडसुद्धा पर्यावरणाच्या नियमात अडकला.’

‘हसू नको.’

‘नाही हसत. धुणारच नसतील तर तुम्ही काय, त्यांच्यासाठी वेगळी विहीर खोदणार?’

पीळ असा की सुंभ जळला तरी जाणार नाही. दुसऱ्या दिवशी मास्तर धुतलेला सदरा घालून दुकानात गेले. आयुष्यात कधी कुणाच्या कपड्यावर सुपारीएवढा डाग पडू न दिलेला माणूस. खिडकीजवळच्या खुर्चीवर बसले आणि नोकराला म्हणाले, ‘एक कॉफी. मोठी. काळी.’

धाकट्यानं स्वतः आणून ठेवली. मास्तरांनी पैसे आधी दिले, उपकार नको म्हणून. मग कोपर जरासं मागे नेलं. ते धक्का द्यायला इतके अनाडी होते की पहिल्यांदा कप नुसता हलला. दुसऱ्यांदा उलटला. काळी कॉफी पडद्यावरून खाली जमिनीपर्यंत उतरली. मास्तरांना बरं वाटलं.

‘लागलं नाही ना?’ धाकट्यानं विचारलं. त्यानं पडद्याकडे पाहिलं, मग भावाकडे, आणि म्हणाला, ‘आता धुवावा लागेल.’

‘हो,’ मास्तर म्हणाले. ‘आता धुवावा लागेल.’ इतक्या वर्षांत ते भावाशी पहिल्यांदा बोलले ते हे.

पुढचे चार-पाच दिवस मास्तरांनी मुद्दाम तिकडे पाऊल टाकलं नाही. ताटात आवडीचं असलं की माणूस शेवटी खातो, तसं. मग एका सकाळी गेले. धाकट्यानं नुसता एकच नाही, सगळेच पडदे धुतले होते, घरी नेऊन. डागाची फिकट पुसट छटा उरली होती. आणि पडदे जमिनीला टेकलेले होते, सूतभरही वर नव्हते.

मास्तर दारातच थिजले. मग आत गेले, गुडघे टेकले, आणि जन्मात पहिल्यांदा एका पडद्याची खालची कड उलटून पाहिली. दुमड उसवून सोडली होती. जुन्या घडीची रेघ वीतभर वर दिसत होती.

‘वहिनीनं वीतभर कापड जास्त धरलं होतं,’ धाकटा मागून म्हणाला. ‘आत दुमडून कच्चा टाका घातला होता. एक दोरा ओढला की सुटेल असा. लावलेस त्याच दिवशी हाताला खळ लागली. म्हटलं, दादानं आणि कोरं कापड? मग कड जाड लागली, तेव्हा सगळं कळलं.’

‘मग बोलला का नाहीस?’

‘म्हटलं, राहू दे. तुझं समाधान होत असेल तर होऊ दे. माझं काय बिघडतंय?’

याच्यापेक्षा त्यानं थोबाडीत मारली असती तर परवडलं असतं. दया केली होती, तीही महिनोन्महिने, त्यांना रोज समोरून जाताना बघून. मास्तर कट्टा धरून उठले.

‘बाबा असते तर कोरं कापड बघून काय म्हणाले असते?’ धाकटा हलकेच म्हणाला.

‘बाबा असते तर कापडापर्यंत पोचलेच नसते,’ मास्तर म्हणाले. ‘टेबलाशीच थांबले असते.’

मास्तर बाहेर पडले.

घरी बायको सुई ओवत होती. मास्तर समोर उभे राहिले. ‘तू मला विकलंस.’

‘विकलं असतं तर गिऱ्हाईक कोण मिळालं असतं?’ तिनं दोऱ्याला गाठ मारली. ‘बसा. खालची दुमड माझी. ते काम माझ्या नावावर आहे. तुमच्या रागापायी मी आखूड पडद्याची धनीण होणार नाही.’

‘म्हणजे त्याला माफ करायचं?’

‘माफ?’ तिनं मान वर केली, आणि मास्तरांना दिसलं की फळीवर घडी घालून ठेवलेला राग त्यांचा एकट्याचा नव्हता. ‘त्या टेबलाच्या खालच्या टोकाला माझी तीस वर्षं गेली. तिथे माझ्या बोटातल्या शिवणाच्या टोपणानं घासून खळगा पडलाय. त्या खळग्यात आता त्यानं साखरेचं भांडं ठेवलंय, मी बघून आलेय. मला कुणी विचारलं? तुम्हाला तरी सुचलं का, की कापलं ते माझंही कापलं? तुम्ही आपले कापडावर राग काढत बसलात. कापडानं काय केलं होतं?’

मास्तर खाटेवर बसले. ती पुन्हा सुईकडे वळली.

‘इमारतीच्या दारावर काय लिहिलंय ते वाचलंत? खाली दुकान, मध्ये काम, वर घर, सगळं एका छताखाली. बरं आहे. आपण तिथे जाऊन कामच करू.’

दुसऱ्या दिवशी सकाळी ती शिवणाची पिशवी घेऊन धाकट्याच्या दुकानात गेली. कट्ट्याशी उंच स्टूल ओढलं, साखरेचं भांडं उचलून त्याच्या हातात दिलं, आणि खळग्यात टोपण घातलेलं बोट टेकून तुरपाईला बसली. वरच्या घरांच्या पडद्यांचा ढीग कट्ट्यावर पसरला. गिऱ्हाइकांनी कप हातात धरूनच कॉफी प्यायली.

‘वहिनी, मागे टेबल रिकामं आहे,’ धाकटा म्हणाला.

‘ते माझं नाही.’

‘कॉफी तरी घ्या.’

‘कापडावर सांडते. तुमच्या घराण्यात सांडायची सवय आहे.’

दुपारी उठून गेली, दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. तिसऱ्या दिवशीही. वहिनीला हाकलणार कसं? काही गिऱ्हाइकं वैतागली, काही मुद्दाम बघायला आली. आर्किटेक्टबाई एकदा थांबल्या, पाहिलं, आणि वर गेल्या. धाकटा पाव भाजायचा आणि पडद्याच्या कडेला पीठ लागू नये म्हणून बोलणी खायचा.

‘अजून किती दिवस, वहिनी?’ शेवटी त्यानं विचारलं.

‘दादाला विचार.’

मास्तर तेव्हाच दारातून आत येत होते, खांद्यावर कापडाचा तागा घेऊन. पाणी पाजलेलं, वाळवलेलं कापड. वरच्या मजल्यावरच्या कमानदार खिडक्यांची झालर कापायची होती. गोल कापायची, म्हणून फाडता येत नाही, कात्रीच लागते, आणि कापड सलग पसरावं लागतं. ते टेबलाशी येऊन उभे राहिले.

‘कप उचल,’ ते भावाला म्हणाले.

धाकट्यानं कप उचलले. मास्तरांनी तागा सोडला. कापड पितळी चुकांवरून सरकत कट्ट्याच्या टोकापर्यंत गेलं, करवतीच्या कापापाशी वाकलं, आणि उरलेलं अर्धं जमिनीकडे लोंबू लागलं.

‘टेबल अपुरं पडतंय,’ मास्तर म्हणाले.

दाराशी दोन गिऱ्हाइकं उभी होती. धाकट्यानं हात पुसले, कट्ट्याच्या बाहेर आला, आणि लोंबणारं कापड दोन्ही हातांत घेऊन मागे सरकत गेला, ते ताठ सपाट होईपर्यंत. जिथे टेबलाचं दुसरं अर्धं असायला हवं होतं, तिथे तो उभा राहिला, लहानपणी उभा राहायचा तसा.

मास्तरांनी चष्मा लावला. खडूनं कमान आखली, पुसली, पुन्हा आखली.

‘दादा, गिऱ्हाईक थांबलंय.’

‘हात खाली पडतायत तुझे,’ मास्तर म्हणाले. ‘वर धर.’

त्यांच्या बायकोनं दात लावून दोरा तोडला. मास्तरांनी कात्री उघडली आणि अगदी सावकाश कापायला सुरुवात केली. ताग्यात अजून पुष्कळ कापड होतं.